तीन नंबरच्या खोलीतली ओली पावले

१० मे १९७३, गुरुवार. चंद्रव्वाच्या उतारू-खानावळीत सकाळी तेवीस माणसे होती. संध्याकाळी बावीस उरली.

तेविसावा माणूस दहाच्या सुमारास पाण्याच्या हातगाड्यावर आडवा पडून आला. गाडा गैबीसाबचा होता. दुष्काळाच्या त्या वर्षी सोलापुरात नळाला चार दिवसांतून एकदा घटकाभर पाणी येई, आणि स्टेशनमागच्या बोळातल्या या खानावळीला न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी गैबीसाब पत्र्याच्या डब्यांतून आणून देई. पिण्याचे पाणी वेगळे होते. ते चंद्रव्वा स्वतः मठाच्या आडावरून आणी आणि आतल्या माठात भरी. त्या माठाला बाहेरच्या कोणाचा हात लागत नसे. त्या दिवशी गाड्यावर डबे नव्हते. चाळिशीचा एक मनुष्य डोळे मिटून पडला होता.

"अव्वा, आमच्या मैंदर्गीचा हाय," गैबीसाब म्हणाला. "दुष्काळी कामावर खडी फोडत हुता. ऊन लागलं. डागदर म्हनला, सावलीत निजवा, पानी पाजत ऱ्हावा. येवढा सांजपतोर ठेवून घ्या."

"नाव काय ह्याचं?"

"चनबसप्पा."

चंद्रव्वाने वहीत चनबसप्पा, राहणार मैंदर्गी, असे आपल्या हाताने लिहिले आणि त्याला तीन नंबरची खोली उघडून दिली.

चंद्रव्वा त्या वेळी बावन्न वर्षांची होती. माहेर मंद्रूपचे, सासर सोलापूरचे, घरची बोली कानडी, व्यवहाराची मराठी. सात खोल्या, एक ओसरी, एक स्वयंपाकघर आणि शहाबादी फरशीचे छोटे अंगण एवढा तिचा संसार होता. दारावरची पाटी मठाच्या ट्रस्टींनी लावलेली होती: फक्त वीरशैव उतारूंकरिता. शाळा तिने तिसरीत सोडली. पण माणसे वाचण्याची तिची रीत एखाद्या शिस्तशीर अभ्यासकाची होती. ती बोलणाऱ्याचे तोंड बघत नसे. पाय बघे, पाणी बघे, आणि ताटात काय उरले ते बघे.

या रीतीची ख्याती बोळाबाहेरही गेली होती. मंद्रूपच्या बाजारातून सरळ येतो आहे, वाटेत पिशवी मारली गेली, असे रडून सांगणाऱ्या एका इसमाला तिने पोटभर जेवू घातले आणि मग शांतपणे म्हटले, "काल मंद्रूपला पाऊस झालाय. तिथली काळी माती चार दिवस वहाणेला सोडत न्हाय. तुमची वहाण कोरडी हाय." करमाळ्याच्या एका वऱ्हाडातली अंगठी हरवली तेव्हा सगळे भाकरी करणाऱ्या गोजरबाईवर घसरले. चंद्रव्वाने शेंगाचटणीचे उखळ उलटे केले आणि अंगठी निघाली; कारण त्या सकाळी कधी नव्हे ते वरमावशीने स्वतः चटणी कुटायचा हट्ट धरला होता. बोळात कोणाचे काही हरवले, कोणी पळाले, कोणाच्या घरात खडे पडू लागले, की लोक म्हणत, चंद्रव्वाला दाखवा.

एकच गोष्ट तिला सतरा वर्षांत सापडली नव्हती. ती म्हणजे तिचा नवरा.

गुरुसिद्धप्पा १९५६ साली गेला. त्या वर्षी कातडी कमावणाऱ्यांच्या ढोर गल्लीतला त्याचा एक सोबती वारला आणि गुरुसिद्धप्पा त्याच्या घरी दिवसांचे जेवण जेवून आला. ज्या लिंगायत पंथाचा आरंभच जातीला नकार देण्यातून झाला, त्याच पंथाच्या पंचांनी त्याला बोलावून माफी मागायला सांगितले. त्याने मागितली नाही. घरी येऊन, तेव्हा दोघांची राहती असलेल्या तीन नंबरच्या खोलीत बसून, त्याने गळ्यातले इष्टलिंग उतरवले, कोनाड्यात ठेवले, आणि पायात वहाणा घालून तो बाहेर पडला. लिंगायताने लिंग अंगावेगळे केले की तो समाजाला मेल्यासारखाच. त्यामुळे पंचांनी चंद्रव्वाला विधवा ठरवले. पण मृत्यूची वार्ता आली नाही, देह आला नाही, लिंगायत रीतीने बसवून पुरायला कोणी मिळाले नाही. तिला वैधव्य मिळाले. समाधी मिळाली नाही. लिंग तिने भगव्या फडक्यात बांधून जपून ठेवले.

खोलीत निजवलेला माणूस दिवसभरात दोनदाच बोलला. दोन्ही वेळा एकच कानडी शब्द: तंपु, म्हणजे गार. चंद्रव्वाने आतल्या माठातले पाणी भांड्यात घेऊन त्याच्या ओठाला लावले. त्याच्या कपाळावर अंगारा होता. गळ्यात लिंग नव्हते, दोराही नव्हता. येथे तिने एक अनुमान केले, आणि ते अनुमान त्या प्रदेशातली, त्या समाजातली, त्या वर्षीची बाईच करू शकली असती. दुष्काळात अनेक घरांनी लिंगाभोवतीचा चांदीचा चौका मोडून ज्वारी आणली होती. काहींनी लाजेने दोरासुद्धा काढून ठेवला होता. असा माणूस भेटला तर त्याला विचारू नये, एवढी सभ्यता तिच्याजवळ होती. तिने विचारले नाही. साडेतीनला त्याचा श्वास थांबला.

उलट्या झाल्या होत्या, म्हणून आरोग्य खात्याचा माणूस येऊन लांबूनच पाहून गेला. पटकीचा संशय आहे, अंगावरचे कपडे काढू नका, दिवस मावळण्याआधी पुरा, असे त्याने सांगितले. मठातून शिवयोगी स्वामी आले. देह धोतरासहित बसवला, वरूनच पाणी शिंपडले, कपाळाला चंद्रव्वाने भस्म लावले. स्वामींनी विचारले, "लिंग कुठे आहे?"

चंद्रव्वा आत गेली आणि फडक्यातली वस्तू घेऊन आली.

"हे कुणाचं?" स्वामींनी विचारले.

"घरातलंच."

स्वामींना माहीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि रीतीप्रमाणे मृताच्या डाव्या तळहातावर ते लिंग ठेवून मूठ मिटली. गैबीसाब पाच वाजता परतला तेव्हा लोक खांदा द्यायला उभे होते. तो बोळाच्या तोंडाशी गाड्याला धरून उभा राहिला. पुढे आला नाही.

त्या संध्याकाळी चंद्रव्वा सतरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. हे तिने नंतर स्वतःच सांगितले, आणि सांगताना तिला त्याची लाज वाटत होती. पुरला गेला तो परका होता हे ती जाणून होती. तरीही नवऱ्याच्या गळ्यातली वस्तू अखेर मातीत गेली होती, आणि ती कुठे आहे हे आता तिला दाखवता आले असते. मैंदर्गीला चनबसप्पाच्या घरी म्हणून तिने कार्ड टाकले. ते आठवड्याने परत आले: या नावाचा असा कोणी नाही. एरवी असे कार्ड तिने दहा वेळा उलटसुलट करून वाचले असते. हे तिने डब्यात ठेवून दिले.

मग १७ मेच्या, म्हणजे दफनानंतरच्या पहिल्याच गुरुवारी भूत आले, आणि तेही दुपारी दोन वाजता.

"अवो चंद्रव्वा!" गोजरबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. "तीन नंबरात कोन तरी हाय!"

"कुणी न्हाय. बाहेरनं कडी हाय की."

"कडी बाहेरनं, मानूस आतनं! उदाचा वास येतोया. आन् अंगनात पावलं! माझ्या डोळ्यांदेखत उमटल्याली, माझ्या डोळ्यांदेखत गेली. येक, दोन, तीन... पुसल्यावानी."

"ऊन लागलंय तुला. ताक पी."

"ताक प्याली की पावलं परत येतील व्हय?"

चंद्रव्वा उठून गेली. अंगणातली शहाबादी फरशी तापून पांढुरकी पडली होती. तिच्यावर काही नव्हते. खोलीची पुढची कडी जशीच्या तशी होती. पण दाराच्या फटीतून उदाचा वास येत होता, आणि आत कोणीतरी, तोंडावर कापड धरून रडावे तसे, रडत होते.

हा आवाज चार नंबरच्या भीमाशंकरनेही ऐकला. तो चादरींचा आडत्या, दर महिन्याला येणारा, जेवणावर प्रेम करणारा माणूस. "अव्वा," तो ताटावरून म्हणाला, "शेजाऱ्याला सांगा, रडायचं तर जेवणाच्या वक्ताला नको. भाकरी घशाखाली उतरत नाही."

"ऐकू येतंय तर ऐका. त्याचे जास्तीचे घेत न्हाय."

"थट्टा नाही. लोक बोलायला लागलेत. पुढच्या खेपेला मी दुसरीकडे उतरेन."

तो खरोखरच दुसरीकडे उतरू लागला, आणि त्याच्यामागून आणखी तिघे. गोजरबाईने तीन नंबरवरून जाणे सोडले. बोळातले लोक येऊन विचारू लागले, चंद्रव्वा, इतरांची भुते तू काढलीस, आता घरातल्याचे काय? ती म्हणे, बघू.

लिंगायताच्या विचारात भुताला जागा नाही. लिंगैक्य झालेल्याला, म्हणजे मरणाने लिंगात विलीन झालेल्याला, परत येणे उरत नाही. पण लिंग काढून ठेवून जो गेला त्याचे काय, याचे उत्तर कोणी दिलेले नव्हते, आणि चंद्रव्वाने ते स्वतःपुरते देऊन टाकले. आला असेल, तिने ठरवले. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली म्हणून का होईना, आला आहे.

दुसऱ्या गुरुवारी तिने सकाळीच कोनाड्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली, आणि दुपारी ती खोलीच्या पुढच्या उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून बसली. उदाचा वास आला. रडणे आले. ती हळू आवाजात कानडीत बोलू लागली. तुझा थोरला भाऊ वारला. अंगणातला कडुनिंब पाडावा लागला, मुळ्या न्हाणीत शिरल्या होत्या. ओसरीचे पत्रे बदलले. पंचांतले दोघे गेले, एकाला अर्धांग झाले आहे, त्याची बायको येऊन ताक नेते, मी देते. तुझे धोतर अजून पेटीत आहे. तिने विचारले, "जेवलास का?" आतून खोकल्याचा आवाज आला. तिला तेवढे पुरले.

नंतर तिने खोली उघडली तेव्हा भाकरीला हात लागलेला नव्हता. गुरुसिद्धप्पाने कडक भाकरी समोर असताना कधी सोडली नव्हती. कोनाड्यात चिमूटभर साखर होती आणि तिच्याकडे मुंग्यांची रांग लागली होती. चंद्रव्वा रांगेकडे बराच वेळ पाहत राहिली. भूत साखर आणत नाही. साखर आणणारा दुकानात जातो. या दोन वाक्यांपर्यंत तिची बुद्धी आपोआप आली, आणि तिथे तिने तिला थांबवले. फडके ओले करून मुंग्या पुसल्या आणि खोलीला कडी घातली.

तिसरा गुरुवारही तसाच गेला. तिने दिराच्या मुलीच्या लग्नाची हकीकत सांगितली.

५ जून, मंगळवार. दारात एक बाई आली. पस्तिशीची, पदर डोक्यावर, पाय धुळीने भरलेले. गोजरबाईने तिला अडवले.

"कोन गं तू? पाटी वाच."

"वाचाया येत न्हाय. स्टेशनापासनं सगळ्या खानावळी इचारत आलीया. मैंदर्गीची माजिदा. मालक हुडकते. पीरसाब नाव. खडीच्या कामावर हुता, वैशाखात. मुकादम म्हनला, आजारी पडला, शहरात गेला."

चंद्रव्वा बाहेर आली. "गावचं कुणी असंल की इथं. त्याला इचार."

"इचारलं. गैबीसाब हाय पान्याच्या गाड्यावर. त्यो म्हनतो, म्हाईत न्हाय, मुंबैला गेला असंल." ती उंबऱ्याबाहेर जमिनीवरच बसली. "न सांगता जानार न्हाय त्यो, मावशी. डावा कान खालनं फाटलाय त्येचा. पिराच्या नवसाची बाळी घातली हुती ल्हानपनी, पोरांनी वढली. असा कानाचा मानूस बघितला काय तुमी?"

भस्म लावताना चंद्रव्वाने तो कान पाहिला होता. डाव्या बाजूला, खालून दुभंगलेला.

"वहीत त्या नावाचं कुणी न्हाय," ती म्हणाली. हे वाक्य अक्षरशः खरे होते.

"मग म्या काय समजावं?" माजिदाने दोन्ही हात पुढे केले. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. "ह्या ठेवू का फोडू? सासू म्हनते ठेव, दीर म्हनतो त्यो गेला. येक कुनी तरी सांगा."

चंद्रव्वाने तिला ताक आणि भाकरी दिली. माजिदाने भाकरी पदरात बांधली, ताक प्यायले, पेला स्वतः माती लावून घासून पालथा ठेवला आणि पुढच्या खानावळीकडे गेली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा स्वयंपाकात दोनदा मीठ विसरली. तिला सगळे कळले होते, आणि कळलेले बाजूला सारायला आता जागा राहिली नव्हती. ती ज्याला नवऱ्याची समाधी मानून जगू लागली होती, त्या मातीवर दुसऱ्या एका बाईचा हक्क होता. तिने सांगितले तर ती समाधी जाणार, दुपारचा तो आवाज जाणार. न सांगितले तर माजिदाला तेच जिणे मिळणार जे तिने स्वतः सतरा वर्षे काढले होते: कोणी सांगत नाही, आणि मनगटाकडे पाहून रोज तोच प्रश्न.

७ जूनच्या गुरुवारी ती उंबऱ्यावर बसली नाही. न्हाणीच्या आडोशाला बसली. दोनच्या सुमारास मागच्या बोळातून गैबीसाब डबे घेऊन आला, न्हाणीतला हौद भरला, आणि सांडलेल्या पाण्यात भिजलेल्या पायांनी फरशीवरून तीन नंबरच्या मागच्या दाराकडे गेला. त्या दाराला बाहेरून नुसती खुंटी होती आणि समोर त्याचेच रिकामे डबे रचलेले असत. दार आहे हेसुद्धा इतरांच्या लक्षात नव्हते. त्याच्या मागे एक, दोन, तीन अशी ओली पावले उमटली, आणि चंद्रव्वाच्या डोळ्यांदेखत उन्हाने उडून गेली. त्या वर्षी सोलापुरात दुपारी ओले पाऊल कोणाचे असू शकते, हा प्रश्न एखाद्या मुलानेही सोडवला असता.

तिने दार ढकलले. गैबीसाब ऊद पेटवून, डोक्याला रुमाल बांधून, गुडघ्यावर बसला होता.

"बस," ती म्हणाली. "उठू नको. पुरं कर."

त्याने दुवा पुरा केला. हात तोंडावरून फिरवले.

"पीरसाब," चंद्रव्वा म्हणाली.

"व्हय."

"मला खोटं नाव का सांगितलंस?"

"कपाळाचा अंगारा बी पिराचा हुता, अव्वा. खरं सांगितलं असतं तर सावली दिली असती काय?"

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "आतल्या माठातलं पाणी दिलं नसतं. येवढं नक्की."

"मी पाच वाजता आलो तवा लोकं खांद्याला उभी. म्हनलं आता बोललो तर काय हुईल? तुमची खोली बाटली म्हनतील, आमच्यातले इचारतील मयत असं कसं दिलंस. दोन्हीकडनं मलाच. म्हनलं, जळत तर न्हाईत, मातीतच ठेवत्यात. माती आपलीच." त्याने डोळे पुसले. "मातीपाशी मी जाऊ शकत न्हाय. तितं आमी दिसलो तर लोकं इचारत्यात. म्हून हितं येतो. हितं त्याचा जीव गेला. गुरवारी जरा साखर ठेवतो, त्याला बोलतो, जातो."

"आन् मी दाराशी बसायची ते?"

गैबीसाबने मान खाली घातली. "समदं ऐकलं, अव्वा. कानडी मला येती की. तुमी उठस्तोवर मला भाईर पडता येईना. कडुनिंबाचं ऐकलं, धोतराचं ऐकलं. जेवलास का म्हनलात तवा उदाचा धूर घशात गेला, म्हून खोकलो. मुद्दाम न्हाय."

चंद्रव्वा जमिनीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखे झाले आणि तिथेच थांबले.

"कुनाला सांगू नका," तो म्हणाला. "मी येनं बंद करतो. तुमच्या मालकाचं लिंग तितंच ऱ्हाऊ द्या. मयताचा चाळिसावा दिस आला की फातिहा मी मनातल्या मनात करीन."

"माजिदेचं काय?"

"ती दुसरं कुनी बघंल. तरनी हाय."

"नवरा मेला म्हणून कळल्याबिगर तुमच्यात दुसरं बघता येतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आमच्यातबी न्हाय," चंद्रव्वा म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीनं जायचं. दोघांनी."

८ जूनला दोघे अक्कलकोटमार्गे एस.टी.ने मैंदर्गीला गेली. चंद्रव्वा बायकांच्या जागेवर, गैबीसाब मागे उभा. माजिदा घराच्या सावलीत ज्वारीत मिसळलेले खडे वेचत होती. गैबीसाब दाराबाहेरच थांबला. सांगितले ते चंद्रव्वाने, न थांबता, आरंभापासून, आपण मंगळवारी काय उत्तर दिले होते त्यासकट.

माजिदा रडली नाही. सूप बाजूला ठेवून तिने विचारले, "पानी पाजलं काय त्याला?"

"व्हय. आतल्या माठातलं."

"कुनी?"

"मी."

"त्यो काय बोलला?"

"गार हाय म्हणाला. दोनदा."

माजिदाने बांगड्या काढल्या नाहीत. नंतर, सासू आल्यावर, तिच्या समोर काढल्या. त्याआधी माजिदाने मृताच्या मुठीत काय ठेवले ते पुन्हा सांगायला लावले. ऐकून म्हणाली, "तुमच्या मालकाचं ते, आन् धरून बसलाय आमचा. तुमी काय ठेवलंत मग घरात?"

"धोतर हाय एक," चंद्रव्वा म्हणाली.

सोलापुरात ही गोष्ट चार दिवसांत पसरली. ट्रस्टींपैकी काहींचे म्हणणे पडले की समाधी उकरून लिंग काढावे आणि खोली शुद्ध करावी. पलीकडच्या समाजातल्या काहींचे म्हणणे पडले की मयत हलवून आपल्या कबरस्तानात न्यावे. दोन्हीकडे बैठका झाल्या. मग दोन्हीकडच्या जाणत्यांना एकमेकांच्या भीतीचा अंदाज आला आणि दोघांनीही काहीच न करण्याचे ठरवले. शिवयोगी स्वामी एवढेच म्हणाले, "बसला आहे तो बसू दे." ही सहिष्णुता होती की नुसती दमणूक, हे ठरवणे कठीण आहे. पीरसाबला मातीत आणि माजिदाला तिच्या दुःखात स्वस्थता मिळाली, एवढे मात्र खरे.

चाळिसाव्या दिवशी माजिदा आली. दफनभूमीच्या दारापर्यंत चंद्रव्वा तिच्याबरोबर गेली. जागा तिने हाताने दाखवली आणि ती बाहेर थांबली. माजिदा आत तासभर बसली. परतताना दोघी खानावळीत जेवल्या, आणि गोजरबाईने कोणाला न विचारता दोघींची ताटे जवळजवळ मांडली.

खोली क्रमांक तीन पुन्हा भाड्याने जाऊ लागली. भीमाशंकर परत आला, आणि भुताशिवाय जेवण बेचव लागते असे म्हणाला. गैबीसाबने या बोळात पाणी आणणे सोडले. चंद्रव्वाने त्याला दोनदा निरोप पाठवला की गुरुवारी पुढच्या दाराने ये. तो आला नाही. लोक आपली हरवलेली भांडी, रुसलेल्या सुना, पळालेले जावई घेऊन तिच्याकडे येत राहिले आणि ती शोधून देत राहिली. गुरुवारी दुपारी खोली रिकामी असली तर ती थोडा वेळ उंबऱ्यावर बसे. आता ती बोलत नसे. आत कोणी नाही हे तिने स्वतःच सिद्ध केले होते, आणि सिद्ध झालेली गोष्ट नाकारण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तरी ती बसे.

एक काम तिने सोडले नाही. पीरसाबच्या शेवटच्या तेरा दिवसांच्या मजुरीसाठी ती माजिदाबरोबर त्या खडीकामाच्या कार्यालयात पाच वेळा गेली. हजेरीपटावर नाव पीरसाबचे होते. मृत्यूची नोंद चंद्रव्वाच्या वहीवरून चनबसप्पाच्या नावाने झाली होती. ती नोंद बदलण्याचा अर्ज तिने आपल्या सहीने दिला, गैबीसाबचा जबाब जोडला. कारकुनाने कागद पाहिले आणि सांगितले की पीरसाब मेल्याचा कागद नाही. म्हणजे तो हयात आहे. त्याने स्वतः यावे आणि अंगठा करून मजुरी घेऊन जावी. पुढे ते काम बंद झाले, कार्यालय हलले, अर्ज दुसऱ्या दप्तरात गेला.

१९७९ साल सरत आले आहे. पीरसाबच्या त्या तेरा दिवसांची मजुरी माजिदाला अद्याप मिळालेली नाही.